पान न् पान

"घाई नाही, पण विसरू नकोस," सदऱ्याच्या टोकाला चष्मा पुसत काका म्हणायचे. असं म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना घाई असते हो, फक्त आपल्याला त्रास द्यायचा नसतो.

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या लायब्ररीत मी कम्प्युटर सांभाळायचो. काका पुण्याचे निवृत्त मास्तर, मुलाकडे राहायला आलेले. दर मंगळवारी चालत यायचे आणि काउंटरवरच्या बाईंना "किया ओरा" असा तिथला माओरी नमस्कार म्हणायचे, तेही हात जोडून.

त्यांचे थोरले चुलते शंभर वर्षांपूर्वी शिकायला अमेरिकेला निघाले. कॅलिफोर्नियातल्या एका गावाचं नाव सांगून बोटीत बसले, पुढे एक पत्र नाही. पोचले की वाटेतच गेले, घरात कुणालाच कळलं नाही. "वडील एवढंच सांगायचे," काका म्हणाले, "भाऊ आईपेक्षा छान भाकरी थापायचा."

एकदा आमच्याकडे जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांचा संग्रह महिनाभर वापरून बघायला आला. त्यात त्या गावचं साप्ताहिक होतं. काकांना मोतीबिंदू, स्क्रीनवरचं बारीक दिसेना. मी आडनाव टाईप करून सर्च केलं. काही नाही. दोन मिनिटांचं काम.

"पण नाव छापलंच नसेल तर? पान न् पान पाहिलंस?"

मला मीटिंग होती. "हो काका, सगळी पाहिली."

"मग पोचलेच नसतील." त्यांनी चष्मा पुसला. नेहमीचं वाक्य काही म्हणाले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. मला ते खोटं खायला उठलं. तोवर लायब्ररीनं संग्रह कायमचा घेतला होता. लंच ब्रेकमध्ये एकेक पान बघायला लागलो. नवव्या दिवशी, चर्चच्या सूचना आणि जॅमच्या कृतीच्या मध्ये, चार ओळी सापडल्या. हिंदुस्थानातून आलेल्या एका विद्यार्थ्यानं कुणा बाईंच्या स्वयंपाकघरात मक्याची भाकरी तळहातांवर थापून दाखवली, आणि जमलेल्या सगळ्या बायका बघतच राहिल्या. नाव नव्हतंच.

प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो. सूनबाई वाचता वाचता रडल्या. मग आतून वही आणली. "बाबांनी तुमच्याबद्दल लिहिलंय, बघा ना."

मास्तरांचं टपोरं अक्षर. 'सगळी पानं पाहून झाली. चुलते पोचले नाहीत. पोरानं माझ्यासाठी फार कष्ट घेतले.'

"म्हणजे तुम्ही तेव्हापासून शोधत होतात?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"हो," मी म्हणालो. काकांनाही इतक्याच सहज म्हणालो होतो.