कागदावर न उतरलेला निळा

अलिबागला घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, पूजेची आमंत्रणं, पतपेढीचे अहवाल. गुळगुळीत कागदावरचं रंगीत काम क्वचितच येतं. म्हणून काशीदचे एक काका आपल्या कॉटेजचं पत्रक करून घ्यायला आले, तेव्हा मी त्यांना खुर्ची पुसून दिली.

"ताई, छपाई एकदम भारी पायजे," ते म्हणाले. "मानसानं पत्रक बघूनच गाडी काढली पायजे."

फोटो त्यांनीच मोबाइलवर काढला होता, आणि कुठल्याशा ॲपमध्ये त्याला रंगही चढवला होता. काशीदला मी लहानपणापासून जाते, पण तो समुद्र काही मला ओळखू येईना.

मी मांडणी केली, कडेला कापायला जागा सोडली, कडेला चिकटलेला मजकूर आत घेतला. तोवर काका खुशीत होते. मग मी फोटो छपाईच्या रंगांत बदलला आणि समुद्र एकदम विझला.

"अरारा! काय दाबलंत?"

"बिघडलं काही नाही, काका. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो. छापायला चारच शाया. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. हा असला निळा त्यांतून निघत नाही."

"मग पाचवी आना!"

पाचवी शाई खरंच मिळते, पण तिचा खर्च ऐकल्यावर काकांना चार पुष्कळ वाटल्या. मी जमेल तेवढं केलं. गुलाबी वाढवली तर पाणी जांभळं होई, पिवळी वाढवली तर हिरवं.

"ही तर आमची विहीर झाली," काका म्हणाले.

शेवटी पनवेलच्या छापखान्यातून खऱ्या कागदावर नमुना मागवला आणि त्याचा फोटो काकांना पाठवला. त्यांनी तो मोबाइलवर पाहिला आणि मोबाइलवरच नापास केला. आता मात्र मला राग आला. रविवारी नमुना पिशवीत घालून मी एसटीनं थेट काशीद गाठलं.

आम्ही किनाऱ्यावर उभे राहिलो. काकू पदराला हात पुसत आल्या. त्यांनी कागद हातभर लांब समुद्रासमोर धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"ह्यो तर आपलाच हाय," त्या म्हणाल्या. "मोबाइलमदला कोनाचा काय म्हाईत!"

"आज ऊन न्हाय ना," काका कपाळावरचा घाम पुसत म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्याच कॉटेजात उतरलेले पुण्याचे एक गृहस्थ मोबाइल पुढे करत आले. "काका, तुम्ही पाठवलेल्या फोटोतला बीच इथून किती लांब आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं. "ह्योच हाय. पन त्याला भरती यावी लागते."

"कधी येते?"

काकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात एक लाट त्यांची चप्पल घेऊन निघाली. ऐन भरती होती! काकू पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसल्या. काका चप्पल धरायला धावले, आणि बहुतेक धावायला मिळालं याचाच त्यांना आनंद झाला असावा.

दुपारी काकूंनी तळलेली सुरमई वाढली. लालबुंद तिखट, करपलेली कड, बाजूला लिंबाची फोड. जेवता जेवता त्याच म्हणाल्या, "पहिल्या पानावर हिचाच फोटो टाका की."

मी ताट खिडकीपाशी नेलं आणि चांगला मोठा फोटो काढला. ते लाल आणि पिवळं चारही शायांनी कुरकुर न करता उचललं. समुद्र आतल्या पानावर गेला, आहे त्या रंगात.

छापून आल्यावर काका गठ्ठे स्कूटरवर बांधून निघाले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. रेवदंड्याला चहा प्यायला थांबले होते. तिथं पत्रक वाटलं, तर दोघांनी खोलीची चौकशीच केली नाही, जेवायला कधी येऊ एवढंच विचारलं.

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, या. पन ताई, खोल्यांचं आता काय करू?"