पहिल्या ओळीतला आकडा

दुसरा पूल आला तेव्हा माझ्या नणंदेच्या उजव्या हातावरचा रुमाल पुरता लाल झाला होता. मोठ्या रस्त्यावर तिचा नवरा मोटरसायकलवर शोधत असणार, म्हणून आम्ही कालव्याकाठून निघालो होतो. मी मनात नाम घेत होते आणि ती पुटपुटत होती, "नऊ, चार, सात."

मी या घरात आले तेव्हा ती नववीत होती. पाढे उलटे म्हणून दाखवायची. आता रक्तपेढीत कम्प्युटरचं काम करते. रक्ताची कुठली पिशवी कधी बाद होणार, हे सांगणारा प्रोग्रॅम तिने हॅस्केल नावाच्या भाषेत लिहिला. फाइल थेट चालावी म्हणून एक साधन बसवलं. भाषेची कुठली आवृत्ती हवी, तो आकडा फाइलच्या पहिल्या ओळीत लिहायचा, बाकीचं साधन बघतं. नेमका तो आकडाच लिहायचा राहिला. घरी चाललं, रक्तपेढीत अडलं. साहेब म्हणाले, "सहापर्यंत चालू करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

दुपारी आकडा बघायला तिने घरचा लॅपटॉप उघडला. नवऱ्याला ती नोकरी सुटायलाच हवी होती. बोटं आत असतानाच त्याने झाकण दाबलं, वर गुडघा रोवला. तीन बोटं मोडली. मग लॅपटॉपवर हातोडी घातली.

"एवढं मारलं गं वहिनी, पण आकडा काही डोक्यातून पडला नाही," ती हसली. फुटलेल्या ओठातून रक्त आलं.

पुलाच्या टोकाशी मोटरसायकल आडवी आली. "कुठं निघाली महाराणी?" म्हणत त्याने तिचे केस धरले आणि डोकं कठड्यावर आपटलं. माझ्या पिशवीत स्टीलचा डबा होता. पिशवी गरकन फिरवून त्याच्या तोंडावर हाणली. दात पडला. देवाची क्षमा मागितली आणि दुसरी हाणली. तो गुडघ्यांवर बसला. मी तिला ओढत पळाले.

पावणेसहाला आम्ही तिच्या टेबलाशी होतो. भुवईतलं रक्त डोळ्यात उतरत होतं. डाव्या हाताने तिने फाइल उघडली, पण समोरचं धूसर दिसत होतं, भलतीच अक्षरं उमटली.

"आधी डॉक्टरकडे चल," मी म्हटलं.

तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"नंतर. वहिनी, तू बस. मी सांगते, तू टाइप कर. पहिली ओळ."