बदललेला पिचर

भाजलेल्या शेंगांचा वास आला की अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमधली ती दुपार आठवते. बेसबॉल खेळाडूंच्या आकडेवारीवरून कोण जिंकेल हे सांगणारं माझं मॉडेल मी ऑफिसभर मिरवत होतो. ऑफिसातलाच, मूळ नागपूरचा एक मित्र त्यावर पैज लावणार होता, तेही बायकोच्या बाळंतपणाला आपल्या आईला भारतातून बोलवायच्या तिकिटाच्या पैशांनी. मॅचआधी मला फोनवर दिसलं, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा मुख्य खेळाडू, ऐनवेळी बदललाय. माझं सगळं गणित जुन्या पिचरवर होतं. "लावू ना यार?" शेंगा सोलत त्याने विचारलं. मॉडेल आता चालणार नाही, हे माझ्या तोंडून निघेना. "लाव," म्हणालो. पैसे बुडाले, आई आलीच नाही. बारशाच्या दिवशी, रात्र-रात्र जागून सुजलेल्या डोळ्यांनी तो मलाच समजावत होता, "तुझं गणित बरोबरच होतं रे, माझं नशीब फुटकं." मी मान डोलावली. इतक्या वर्षांत ती मान मला परत घेता आलेली नाही.