वाद घालायचा असल्यास घरी यावे

आमच्या ह्यांचा स्वभाव भांडखोर नाही. ते फक्त कुणाचंही बरोबर आहे असं मानत नाहीत. मला बघायला आले तेव्हा माझे वडील म्हणाले, "मुलगी शांत आहे." त्यावर हे म्हणाले, "ते आपण कशावरून ठरवलंत?" वडिलांचं चुकलंच होतं म्हणा, पण मला त्याच दिवशी समजायला हवं होतं.

दत्तप्रसाद बेहेरे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, मुक्काम कोथरूड. नोकरीत होते तोवर ठीक चाललं होतं. फोन बंद पडला की लोक तक्रार करायचे, मग हे लाइनमनला घेऊन त्यांच्या घरी जायचे, तक्रार कशी चुकीची आहे ते पटवायचे आणि मग फोन सुरू करून द्यायचे. निवृत्तीनंतर मात्र वाद घालायला मी एकटी उरले. सकाळी दूध पातळ का, दुपारी पंखा दोनवर की तीनवर, रात्री कडी वरची लावायची की खालची. माझाही आवाज काही लहान नाही, पण दिवसभराची ड्यूटी मलाही झेपेना. तेव्हा आमच्या केदारने वडिलांच्या फोनवर 'चव्हाटा' घालून दिलं. केदार आमचा मुलगा, हिंजवडीत कामाला असतो. चव्हाटा हे असं ॲप की एकाने मत मांडायचं आणि बाकीच्यांनी ते हाणून पाडायचं. हे तिथे माहेरी गेल्यासारखे रमले.

तिथेच त्यांना 'सडेतोड कात्रज' भेटला. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही, फोटोच्या जागी एक बोका. ह्यांनी एका सकाळी लिहिलं की कांदेपोह्यांत बटाटा घालणं हा पोह्यांचा अपमान आहे. खाली बोक्याने लिहिलं, "ज्यांना बटाटा परवडत नाही त्यांनी तत्त्वं सांगू नयेत." झालं. त्यानंतर कित्येक वर्षं तो बटाटा शिजत होता. मधूनमधून कोथरूड पुण्यात मोडतं का, आंबा कापून खावा की चोखून, असे विषय यायचे, पण फिरून गाडी बटाट्यावर. सकाळी उठल्या उठल्या हे चष्मा शोधायचे आणि "बघू, काय म्हणतोय नालायक," म्हणायचे. तेव्हा चेहरा इतका खुललेला असायचा, की आमच्या साखरपुड्याच्या फोटोतही तो तसा दिसत नाही.

काही जण मला विचारायचे, बोका म्हणजे तुम्हीच नव्हे ना? मला समोरासमोर भांडता येतं, त्याला रेंज कशाला लागते?

पुढे चव्हाट्याचे दिवस फिरले. आधी मालक बदलला. नव्या मालकाने निम्मी माणसं घरी बसवली, ॲपचा रंग बदलला आणि वर्षभरात ते तिसऱ्याला विकून टाकलं. तिसऱ्याने नावापुढे मोरपीस लावायचे पैसे मागायला सुरुवात केली. हे म्हणाले, "मी पैसे भरून शहाणा होणार नाही. मी आधीचाच आहे." तक्रार करावी तर फोन नंबर नाही. टेलिफोन खात्यातल्या माणसाला हे किती लागलं असेल, विचार करा. त्यांनी कंपनीच्या पत्त्यावर चार पानी पत्र धाडलं. ते "या पत्त्यावर कोणी नाही" असा शेरा घेऊन परत आलं.

केदार रविवारी जेवायला आला तेव्हा हे त्याच्यावर घसरले, जणू ती कंपनी त्यानेच काढली होती.

"बाबा, सगळीकडे तेच चाललंय," केदार म्हणाला. "आमच्याकडे मॅनेजमेंटने सगळ्यांना पिझ्झा मागवला, की समजायचं उद्या चार खुर्च्या रिकाम्या. परवा नुसते सामोसे आले, म्हणजे फक्त बोनस गेला."

तेव्हापासून मी त्याला रोज फोन करून विचारते, जेवलास का, आणि कंपनीचं नाही ना जेवलास.

पण मालक, रंग, मोरपीस हे सगळं ह्यांनी सोसलं असतं. शेवटचा घाव घातला तो 'सखा'ने. सखा म्हणजे कंपनीने बसवलेला यंत्राचा मदतनीस. कुठेही वाद रंगात आला की हा मधे टपकायचा आणि लिहायचा, "दोन्ही बाजूंचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. आपण दोघेही किती छान मुद्दे मांडता!" त्याखाली एक फूल. त्यानंतर वादाला कुलूप. बटाट्याखाली ते फूल आलं त्या दिवशी हे फोन हातात धरून नुसते बघत बसले.

"माझं म्हणणं विचार करण्यासारखं नाहीये," ते म्हणाले. "माझं म्हणणं बरोबर आहे."

त्याच संध्याकाळी त्यांनी चव्हाटा सोडायचं ठरवलं. इतर लोक ॲप गुपचूप काढून टाकतात. ह्यांनी निवेदन काढलं. ते असं:

"मी आजपासून चव्हाट्यावर नाही. कोणीही आग्रह करू नये. ज्यांना माझ्याशी वाद घालायचा असेल त्यांनी घरी यावे. पत्ता खाली दिला आहे. वेळ सकाळी दहा ते एक. दुपारी बेल वाजवू नये. येताना मुद्दा सोबत आणावा. लिफ्ट बंद असल्यास आपला मुद्दा तीन मजल्यांच्या योग्यतेचा आहे का, याचा विचार करून मगच चढावे."

मी म्हटलं, "अहो, कोण येणार?" हे म्हणाले, "येईल की." येतील नव्हे, येईल. कोणाबद्दल बोलत होते ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता हे इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसले. समोर एक खुर्ची मांडली, मधे तांब्याभांडं. पहिला आला तो विमा एजंट. पत्ता जाहीर झालाय म्हटल्यावर तो कशाला सोडतोय. मग खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले, पण त्यांना पार्किंगबद्दल भांडायचं होतं आणि ते मुद्दा न आणताच आले होते. त्यानंतर कुणीच नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. ह्यांनी खुर्ची उचलली नाही. एकदा मात्र म्हणाले, "त्याने कात्रजचा घाट दाखवला मला." मी हसले, ते हसले नाहीत.

आणि मग ते सुरू झालं. एका दुपारी मी विचारलं, "पंखा तीनवर करू?" तर म्हणाले, "कर."

मला वाटलं ऐकू आलं नसेल. संध्याकाळी रिक्षावाल्याने मीटरपेक्षा वीस रुपये जास्त मागितले. हे म्हणाले, "बरोबर आहे, पेट्रोल महागलंय." रिक्षावाला घाबरून मीटरप्रमाणेच पैसे घेऊन गेला. त्याची रिक्षा गॅसवर चालत होती. रात्री मी आमटीत मुद्दाम मीठ घातलं नाही. हे शेवटच्या भुरक्यापर्यंत प्यायले आणि म्हणाले, "छान झालीय."

मी हादरले. ह्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही," आणि हे म्हणाले, "आपण म्हणता तसंच असेल." पंधरा वर्षं आमचे असलेले डॉक्टर, त्यांनी लगेच बीपीचं मशीन पुन्हा लावलं.

मला भीती वाटायला लागली, स्पष्टच सांगते. आयुष्यभर ज्या आवाजाला वैतागले तो घरातून निघून गेला होता आणि जागेवर एक सभ्य गृहस्थ ठेवून गेला होता. मला तो गृहस्थ नको होता. मला आमचे हे हवे होते.

केदारकडून मी माझ्या फोनवर चव्हाटा घालून घेतलं आणि बोक्याला निरोप लिहायला बसले. आधी लिहिलं, "हे बरे नाहीत, एकदा येऊन जा." मग पुसलं. कीव करायला आलेला माणूस भांडेल कसा? मग लिहिलं, "तुम्ही यायला घाबरलात, असं हे सगळीकडे सांगतात." हे असं एक अक्षर बोलले नव्हते. सखा लगेच मधे आला. "आपण हे अधिक प्रेमळ शब्दांत लिहू इच्छिता का?" मी म्हटलं, तू गप्प बस, आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता बेल वाजली. दुपारची बेल म्हणजे आमच्या घरात गुन्हा. हे आडवे झाले होते, पण माझ्या आधी दारात पोचले. बाहेर पांढरा शर्ट, काखेत छत्री, साधारण ह्यांच्याच वयाचे एक गृहस्थ उभे होते.

"समाधान खोपडे," ते म्हणाले. "कात्रजला मंडपाचा धंदा हाय आपला. एक वाजता दार बंद करायचं, ही येळच मला मान्य न्हाई, म्हनून दीडला आलो."

ह्यांचे डोळे चमकले. मी देवाला हात जोडले आणि पोहे करायला आत गेले.

पोहे घेऊन बाहेर आले तर हॉलमध्ये शांतता. दोघं समोरासमोर, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. घरी आलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा? आणि दुसऱ्याच्या घरी बसून तरी कसा घालायचा? दोघांपैकी एकालाही ते शिकवलेलं नव्हतं. पोह्यांत मी भरपूर बटाटा घातला होता, निदान त्यावरून तरी पेटेल म्हणून.

ह्यांनी घास घेतला आणि म्हणाले, "बटाटाही बरा लागतो नाही?"

"नसला तरी चालतंय की," खोपडे म्हणाले.

"नाही, आपलं म्हणणं विचार करण्यासारखं आहे."

"तुमचं बी बरोबरच हाय की."

मला फक्त फूल द्यायचं बाकी होतं. इतके पडलेले दोन चेहरे मी एका हॉलमध्ये कधी पाहिले नाहीत. चहा झाला, हवापाण्याचं बोलून झालं, आणि खोपडे उठले. हे दारापर्यंत गेले, "या पुन्हा," म्हणाले आणि दार लावून तिथेच उभे राहिले. त्यांचे खांदे बघून मला रडू यायचंच बाकी होतं.

बाहेर खोपडे चपला घालत असावेत. तेवढ्यात बंद दारापलीकडून आवाज आला, आपल्याशीच पुटपुटावा तसा, पण चांगला मोठा.

"बटाट्याशिवाय पोहे म्हंजी नवऱ्यामुलाशिवाय वरात."

हे ताठ झाले. "काय म्हणालात?"

"जे हाय ते म्हनालो."

"वरातीत घोडा महत्त्वाचा, खोपडे. बटाटा म्हणजे वरातीत घुसलेला फुकट्या."

"फुकट्या? कोथरूडात ऱ्हानाऱ्यानं फुकट्या म्हनू नये. पुण्याच्या नावावर किती वरीस जगताय?"

ह्यांनी बाह्या सरसावल्या. मला वाटलं, चला, जमलं, आता बोलवावं आत. मी दार उघडलं.

"या ना, आत या आपण," हे लगेच म्हणाले.

"न्हाई न्हाई, आपल्याला त्रास नको," खोपडे म्हणाले, आणि पुन्हा दोघं गप्प.

मी दार लावलं.

"पुणं काय तुमच्या मंडपात भरलंय का?" हे कडाडले.

मी पुन्हा उघडलं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. पुन्हा लावलं. बटाटा, वरात, आंबा, कोथरूड, सगळं एकदम उकळून वर आलं. मग मात्र मी शहाण्यासारखं दार लावून ठेवलं, आणि बाहेर उभ्या माणसाच्या पायांचा विचार करून जिन्याकडच्या खिडकीतून एक स्टूल सरकवलं.

हल्ली खोपडे दर गुरुवारी दीड वाजता येतात. जिन्यात आता त्यांचीच खुर्ची असते, पाठीवर "खोपडे मंडप, कात्रज" असं रंगवलेली. ती पहिल्यांदा पाहून खालचे गृहस्थ आमच्याकडे भेटायला आले होते, पांढरे कपडे घालून. चहा मी खिडकीतून देते. केदारच्या कंपनीत मधे पुन्हा पिझ्झा आला होता, पण त्याची खुर्ची शाबूत आहे. मी त्याला सांगितलं, तुमच्या लोकांनी एवढी कोटींची ॲपं काढली आणि बुडवली, त्यापेक्षा एक लाकडी दार करायचं.

पण मला सांगायचं होतं ते त्या पहिल्या दिवसाचं. खोपडे दिवेलागणीला गेले. हे घसा बसलेल्या अवस्थेत जेवायला बसले. मी आमटी वाढली. नीट, चाखून केलेली आमटी. ह्यांनी एक भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ कमी आहे."

माझे डोळे भरून आले. पदराने पुसले, समोर बसले आणि म्हणाले, "अजिबात कमी नाही." मग आम्ही आमटी गार होईपर्यंत भांडलो.