बडे मियाँ न विचारता बोलत नसत

बडे मियाँ घोड्यांना 'आप' म्हणत आणि घोड्यांच्या मालकांना 'तुम'. नारायणगुड्यातील त्यांच्या पागेत माझी घोडी रेशमा वीस वर्षे होती. तेवढ्या काळात मला एकदाही 'आप' मिळाले नाही. माझा पुतण्या श्रीकांत मियाँच्या या रीतीला उद्धटपणा म्हणतो. श्रीकांतने घोडा फक्त वरातीत पाहिला आहे. एका जुन्या जहागीरदारांनी याबद्दल हटकले, तेव्हा मियाँ शांतपणे म्हणाले होते, "तुमकू बुरा लगा तो बोल लेते, नवाब साब. ये बोल सकते क्या? अदब इनकू होना."

दुसऱ्याच्या जनावराविषयी न विचारता मत द्यायचे नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. वडील एका नवाबाच्या देवडीत, म्हणजे वाड्यावर, घोडी सांभाळणारे मोतद्दार होते. तिथे आगाऊ बोलणाऱ्याची चाकरी त्याच दिवशी संपत असे. पागेतल्या एका डॉक्टरांचे नवे खोगीर त्यांच्या घोड्याची पाठ सोलून काढत होते. मियाँ रोज जखमेला हळद आणि तेल लावत, पण खोगिराबद्दल अवाक्षर काढीत नसत. डॉक्टरांनी अखेर चौथ्या आठवड्यात विचारले. "फेंको," मियाँ म्हणाले. डॉक्टर संतापले, आधी का सांगितले नाही म्हणून. "तुम पूछे नहीं, मैं बोला नहीं."

परदेशी मालासाठी देशाची दारे उघडली त्या वर्षांत पागेला लागून असलेले आवार एका बिल्डरने घेतले. खडक फोडणारे यंत्र दिवसभर धडधडे आणि चंदीच्या तोबऱ्यात धूळ बसे. रेशमा तेव्हा म्हातारी झाली होती, तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडले होते. यंत्र सुरू झाले की ती भिंतीला अंग लावून थरथरत उभी राही. शहराबाहेर कुकटपल्लीच्या पलीकडे नवा रायडिंग क्लब निघाला होता. तिथे पंखे होते, शांतता होती, दाराशी पशुवैद्य होता. श्रीकांतचे म्हणणे एकच : "काका, त्या धुळीत तिला मारणार आहात का?"

घोडी न्यावी की ठेवावी, या एका प्रश्नासाठी मी महिनाभर रोज सकाळी पागेत गेलो. हवेबद्दल बोललो, निवडणुकीबद्दल बोललो. मियाँ खरारा करीत राहिले. त्यांनी आपण होऊन 'नक्को' म्हणावे, एवढीच माझी अपेक्षा होती. मी वकील, चाळीस वर्षे लोक माझा सल्ला घ्यायला येत होते. शेवटी एके दिवशी मीच सांगून टाकले, "इतवार को गाडी आरी, मियाँ."

"हौ," ते म्हणाले.

आमच्या घरात आजही असे सांगतात की, मियाँना म्हातारी घोडी नकोशी झाली होती आणि त्यांनीच ती मला पागेतून न्यायला लावली. हे धादांत खोटे आहे. तिला गाडीत चढवताना ते तिच्या डाव्या बाजूने तिला हात लावून चालत होते, आणि मी ते पाहत होतो.

नव्या जागी तिने पाण्याला तोंड लावले नाही. मग चंदीही सोडली. पशुवैद्याने जे जे करायचे ते सर्व केले, याबद्दल माझी तक्रार नाही. अकराव्या दिवशी ती खाली बसली ती उठली नाही.

मी थेट नारायणगुड्याला गेलो. मियाँनी सर्व ऐकून घेतले. मी विचारले, "मियाँ, मेरेकू रोके कायकू नहीं?"

"एक महीना रोज आए, वकील साब. एक दिन पूछ लेते."

"पूछता तो क्या बोलते?"

"नक्को बोलता. इस उमर में जगह नहीं बदलते. पर तुम सुनते क्या?"

"सुनता," मी म्हणालो.

रेशमाच्या ठाणात मियाँनी अजून गवत घालून ठेवले होते. ते दोन्ही हातांनी उचलून त्यांनी शेजारच्या घोड्यापुढे टाकले.