वाडीच्या वाट्याची लस

आमच्या सोसायटीतल्या लोकांनी बारवी धरणाकडच्या एका आदिवासी वाडीच्या वाट्याची लस टोचून घेतली, आणि मग त्याच वाडीतल्या बाईला लस घेतली नाही म्हणून गेटवर अडवलं. सगळं एवढंच आहे. पण आमच्या कार्यकर्त्यांच्या गटातले लोक म्हणतात, तू एकदम अंगावर येतेस, जरा मागचं-पुढचं सांगत जा. तर सांगते.

आम्ही मूळचे उल्हासनगर कॅम्प चारचे. एका खोलीत पाच जण. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत. बदलापूरजवळ सोनिवलीला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला तेव्हा आईने पहिल्याच दिवशी हॉलमध्ये बुद्धांची तसबीर लावली, आणि बाबांनी दारावर आडनावाची पाटी लावावी की नाही यावर आठवडाभर विचार केला. शेवटी लावली, पण छोटी.

ती वाडीतली बाई, आम्ही तिला मावशी म्हणायचो, आमच्या विंगमध्ये चार घरी भाकऱ्या करायची. त्यातलं एक घर आमचं. ठाकर समाजाची, चाळिशीच्या आतली. रोज वाडीतून चालत फाट्यावर यायची, तिथून टमटमने सोनिवलीला. नवऱ्याची पाठ गेलेली, त्यामुळे घर या चार घरच्या भाकऱ्यांवर चालायचं. दुसरी लाट ओसरत होती तेव्हा आमच्या लिफ्टच्या दाराशी नोटीस लागली: पुढच्या महिन्यापासून लसीचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय घरकामाच्या बायकांना आत सोडलं जाणार नाही. राहणाऱ्यांसाठी अशी काही अट नव्हती. कामाच्या बायकांना जिना, राहणाऱ्यांना लिफ्ट. विषाणू फक्त जिन्याने येतो, लिफ्टने येत नाही, असं कमिटीचं संशोधन असावं.

मावशी नोटिशीखाली उभी राहून मला म्हणाली, "वाच पोरी, काय लिवलंय?" मी वाचलं. ती म्हणाली, "मंग लस घ्याया पायजे. पन मी एकटी कशी घेऊ?"

हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर वाडीत गेल्यावर कळलं. तिथे लसीची भीती होती. माणूस मरतो, मूल होत नाही, सगळं कानावर आलेलं. सरकारने काय केलं? आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पोस्टर लावलं. आम्ही काय केलं? पत्रक छापलं. ते ज्यांच्यासाठी छापलं त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मग चार-पाच वेळा वर जाऊन नुसतं बसलो आणि बोललो. वाडीची रीत अशी की असल्या गोष्टीचा निर्णय सगळ्यांनी बसून करायचा, आणि ठरलं तर सगळ्यांनी एकाच दिवशी जायचं. उद्या काही बरंवाईट झालं तर एकाच घरावर खापर नको. आमच्या गटातला एक जण याला अडाणीपणा म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुमच्या सोसायटीत गच्चीच्या गळतीचा निर्णय तीन वर्षं झाला नाही, इथे मरणाच्या भीतीचा निर्णय पाच बैठकांत झाला.

ठरलं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळी वाडी उतरली. म्हातारे, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, सगळे. मावशी पुढे.

आरोग्य केंद्रासमोर गाड्या उभ्या होत्या. बदलापूरच्या, ठाण्याच्या, दोन तर पार मुंबईच्या. झाडाखालची सगळी सावली गाड्यांनी घेतलेली, म्हणून वाडी उन्हात बसली. आतली नर्सबाई बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, यांची नावं स्क्रीनवर नाहीत."

"नावं कशी असतील? हे तर इथलेच आहेत."

"पंचेचाळीसच्या खाली ऑनलाइनच आहे. आणि आजचा सगळा साठा ऑनलाइनवाल्यांचाच आलाय. मी काय करू सांगा."

आता हे ऑनलाइन म्हणजे काय? मोबाईलवर ॲप उघडायचं, ओटीपी घ्यायचा, संध्याकाळी जागा सुटल्या की डोळ्याची पापणी लवायच्या आत बोट मारायचं. वाडीत रेंज मिळते ती टेकडीवरच्या एका दगडावर उभं राहून, तीही वारा मनात आणेल तेव्हा. ज्याने हा नियम केला तो माणूस कधी त्या दगडावर उभा राहिलाय का? शहरात जागा मिळेनात म्हणून लोकांनी पिनकोड बदलून बदलून गावांकडच्या जागा पकडल्या. ॲपने दिल्या. ॲपला काय, बोट कोणाचं आहे ते त्याला दिसत नाही.

तेवढ्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन काका बाही वर करून, दंडावर कापूस दाबत बाहेर आले. मागे काकू, मागे मुलगा.

"अरे, तू इथे? तुलापण इथलाच स्लॉट मिळाला का?"

"नाही काका. मी यांना घेऊन आलेय. ही यांची लस आहे."

काका हसले. "लस काय कोणाच्या नावावर असते का? ॲप सगळ्यांना सारखं आहे."

"काका, तुमच्या घरी भाकऱ्या करते ती मावशी उन्हात बसलीय बघा."

त्यांनी बघितलं. "अरे वा, मावशी पण आल्या. छान. घेऊन टाका हं लवकर, पहिल्या तारखेपासून नियम आहे." आणि गाडीत एसी लावून बसले.

थोड्या वेळाने, सत्र संपताना, नर्सबाई परत बाहेर आली. दोन बुकिंगवाले आले नव्हते, कुपी फोडलेली, वाया घालवता येत नाही. दोन डोस उरले होते. तिने मावशीला बोलावलं. मीच नर्सबाईला नोटिशीचं सांगितलं होतं.

मावशी उठली नाही.

वाडीतला म्हातारा बुवा, ज्याच्या शब्दावर सगळे उतरले होते, तो म्हणाला, "जा ग. घे तू. तुझा धंदा जाईल."

"आन रातीला मला नुसता ताप आला तरी तुमी म्हनाल, बघा, एकटी गेली न पडली. मंग वाडी परत उतरंल?"

बुवा खोटं कसं बोलणार?

मी तिच्या शेजारी बसले आणि हळू म्हटलं, "मावशी, घे. काम जाईल तुझं. मी वाडीला समजावते."

"तू चार दिस येशील न जाशील पोरी," ती म्हणाली. रागाने नाही, साधंच. "मला हितंच ऱ्हायाचंय."

ते दोन डोस वाया गेले नाहीत. काकांची गाडी अजून तिथेच होती, लस घेतल्यावर अर्धा तास थांबा म्हटलं होतं ना. त्यांनी फोन लावून जवळच्याच फार्महाऊसवर आलेल्या भाच्याला आणि त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. वाडी उठली आणि आली तशी चढून गेली.

पहिल्या तारखेला वॉचमनने मावशीला गेटवर अडवलं. मी खाली धावले. वॉचमन बिचारा म्हणाला, "ताई, मेरी भी नौकरी है." मी कमिटीच्या ऑफिसात गेले, भांडले, तिथून वर घरी आले तर बाबा दारातच.

"आत्ता कुठे आलोय आपण इथे," ते म्हणाले. "सगळ्यांशी वाकडं घेऊ नकोस."

"बाबा, आजीने कॅम्प चारात लोकांची भांडी घासली. तिला मागच्या दाराने घ्यायचे. तुम्हीच सांगितलंय ना?"

"म्हणूनच म्हणतोय," बाबा म्हणाले.

याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही आणि खरं सांगायचं तर लावून घ्यायचाही नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरी भाकऱ्या मी थापायला लागले. वाईट व्हायच्या. बाबा निमूट खायचे. बाकीच्या तीन घरांनी एजन्सीची बाई लावली, सर्टिफिकेटवाली.

वाडीसाठी लस मागायला आम्ही तहसीलला अर्ज दिले, पायऱ्यांवर बसलो, साहेबांच्या गाडीपुढे उभे राहिलो. प्रत्येक वेळी उत्तर एकच: वरून आदेश नाहीत. वर म्हणजे कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी आदेश आला, शिबिर घ्या. पण वाडीत कोण चढलं? तीच नर्सबाई, निळी पेटी खांद्याला लावून, पहिल्या पावसात निसरड्या झालेल्या वाटेने. वाडी बसलेलीच होती. एकाच दिवशी सगळ्यांनी घेतली, बुवाने आधी. ठरलेलं ते केलं. लसीला घाबरणारे आदिवासी अशा बातम्या नंतरही येत राहिल्या. त्या वाचल्या की मला अजून ओरडावंसं वाटतं.

मावशी सर्टिफिकेटचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोसायटीत आली. वॉचमनने आत सोडलं. नेमका त्या दिवशी गेटच्या आत बॅनर लावलेला: आमची सोसायटी, शंभर टक्के लसीकरण. खाली चेअरमन काकांचा फोटो. कमिटी बॅनरपुढे उभी राहून फोटो काढत होती, वर्तमानपत्राला पाठवायला.

"या या मावशी," काका म्हणाले. "तुम्ही पण या फोटोत. कष्टकरी वर्ग पण दिसला पाहिजे."

मावशी जागेवरच थांबली. "काम परत हाय का?"

"बघू ना. आता दुसरी बाई आहे. कमिटीत विषय घेतो."

"मंग फोटोचा पन कमिटीतच घ्या विषय," मावशी म्हणाली.

काकू हसल्या, त्यांना वाटलं गंमत चाललीय. मावशी वळली आणि गेटबाहेर गेली. मी तिच्यामागे फाट्यापर्यंत गेले. आमच्या घरचं काम आहे, ये, असं म्हटलं. एका घरासाठी टमटमचं भाडं सुटत नाही, ती म्हणाली. लावणी लागली होती. दुसऱ्याच्या शेतात चिखलात उभं राहायला कोणी सर्टिफिकेट मागत नव्हतं.

टमटम भरेपर्यंत आम्ही उभ्या होतो. मी घरी आले आणि नवीन पत्रक लिहायला बसले. यावेळी वाडीसाठी नाही, सोसायटीसाठी. वाचता येणाऱ्यांसाठी. लस कोणाच्या वाट्याची होती आणि गेटवर कोणाला अडवलं, एवढंच. प्रत्येक दाराखालून सरकवलं. आमच्याही.

बाबांनी ते उचललं, चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. "खाली नाव घाल," म्हणाले. "निनावी कशाला देतेस?"

मी पेन घेतलं आणि नाव घालायला एकेका दारावर परत गेले.