दुखवट्याचे पॉइंट

मार्च संपता संपता क्रिकेटचा हंगाम सुरू होतो आणि पुढचे दोन महिने माझी जी तारांबळ उडते ती कोणाला दिसत नाही. मी अमरावतीला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ते परीक्षांचे दिवस असतात. मुलं वाचनकक्षात मान खाली घालून बसलेली असतात आणि माझ्या टेबलाशी मीही मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहीत असतो. मी उद्याच्या सामन्यासाठी खेळाडू निवडतो आहे, असं त्यांच्या मनातही येत नसणार.

फोनवरच्या त्या खेळात खऱ्या खेळाडूंमधून आपला अकरा जणांचा संघ करायचा असतो. मैदानात ते धावा काढतील, विकेट घेतील, तसे आपल्याला पॉइंट मिळतात. कप्तान केलेल्या खेळाडूचे दुप्पट. एकदा लावलेला संघ पुढच्या सामन्यांना तसाच राहतो. बदल करता येतात, पण हंगामभरात ठरावीकच. मी अशा तीन गटांत होतो: एक स्टाफरूमचा, एक जुन्या वसतिगृहातल्या मित्रांचा आणि तिसरा अकोल्याचा. तिन्हीकडे माझे संघ निराळे. एखादा गोलंदाज एका गटात माझा कप्तान असे, दुसऱ्या गटात माझ्याकडे नसे, आणि त्या दिवशी तो खेळत असे तो नेमका माझ्या आवडत्या निळ्या संघाविरुद्ध. त्यानं विकेट घेतली की आपण आनंद मानायचा की दुःख, हे मला दर वेळी नव्यानं ठरवावं लागे.

अकोल्याच्या गटात आम्ही चौघंच होतो. मी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणजे भाऊजी, आणि फुलबाजारात त्यांच्या शेजारी बसणारे त्यांचे दोन मित्र. पैशांचा खेळ नव्हता. हंगाम संपला की दुसऱ्या नंबरवाल्यानं भाऊजींच्या मळ्यात सगळ्यांना रोडगे करून घालायचे, एवढीच अट. जाड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी खायचे. चार वर्षं मी पहिला आलो आणि चार वर्षं भाऊजी दुसरे. मेच्या शेवटच्या उन्हात, डोक्याला ओला रुमाल बांधून, ते निखाऱ्यांसमोर उकिडवे बसत आणि मी निंबाखाली खाटेवर बसून त्यांना सूचना देई.

भाऊजींचा मळा अकोल्याबाहेर आहे. झेंडू, शेवंती, गुलछडी आणि कडेनं थोडी वांगी, कोथिंबीर. खेळाडूंना त्यांनी फुलांचीच नावं दिली होती. पिवळा संघ त्यांचा. त्यातला सडपातळ डावखुरा फलंदाज म्हणजे गुलछडी. रोज थोड्या थोड्या धावा करणारा सलामीवीर म्हणजे झेंडू, कारण तो टिकतो. एका फार नावाजलेल्या खेळाडूला ते गुलाब म्हणत, "भाव पाहा अन् दुपारी पाकळ्या पाहा." उंच वेगवान गोलंदाज तेवढा बांबू होता. मी आदल्या सामन्यातल्या धावा पाहून खेळाडू घेतो, याची त्यांना फार गंमत वाटे.

"काल शंभर केले म्हणून घेऊन राहिले का त्याले? कालचं फुललेलं फूल आज कोणी हारात ओवते का, साळेबुवा?"

"मग चार वर्षं रोडगे कोण भाजून राहिलं?" मी विचारी.

"भाजाचं काय, हात चांगला हाये म्हणून भाजतो."

ताई, म्हणजे माझी बहीण, हे ऐकत तिथेच वांगी चिरत असे. "पन्नाशी आली दोघांची," ती म्हणे, "अन् फोनात मुंडकं." तिला खेळात रस नाही, अशी आमची दोघांची खात्री होती.

गेल्या हंगामात, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी बाजारात झेंडू तोलता तोलता भाऊजी खाली बसले ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा त्यांना घरी आणलं होतं. त्यांच्या खिशात पिवळ्या पाकळ्या होत्या. त्या मी काढल्या नाहीत.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन परत येताना मी ऑटोत मागे बसलो होतो आणि हात सवयीनं खिशात गेला. फोन उघडला तर अकोल्याचा गट समोर होता. भाऊजींना आदल्या दोन दिवसांत माझ्याहून जास्त पॉइंट मिळाले होते. त्यांनी जाण्याआधी लावलेला संघ तसाच होता आणि त्यातले अकराही जण खेळत होते. त्यातल्या एकालाही काही माहीत नव्हतं. मी फोन बंद केला. शेजारी बसलेल्या फुलवाल्या मित्रानं पाहिलं असावं, पण तो बाहेर बघत राहिला.

तेरवीला मी माहेरचा दुखवटा घेऊन गेलो. ताईला साडी, तिच्या दिराला टॉवेल-टोपी. पाहुणे पांगल्यावर आम्ही तिघं खेळाडू ओट्यावर बसलो तेव्हा एकानं विषय काढला.

"भाऊची टीम राहू द्याची तशीच. काढाची नाही."

"काढतं कोण?" दुसरा म्हणाला. "तिसऱ्यावर हाये. माह्यापेक्षा वर हाये अजून."

आम्ही तिघंही हसलो. संघ तसाच ठेवायचा असं ठरलं. रोज त्यांचं नाव थोडं थोडं खाली जाईल आणि हंगाम संपेल, असं मी धरून चाललो होतो.

चार दिवसांनी भाऊजींच्या संघाचा कप्तान बदललेला दिसला. मला वाटलं, मित्रांपैकी कोणाचं तरी काम. दुसऱ्या दिवशी दोन खेळाडू बदलले. त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. तिनं जेवलास का विचारलं, मी तिला विचारलं, आणि मग ती सरळ म्हणाली, "बांबू आज खेळून राहिला का? त्याचा खांदा दुखते म्हणून बातमीत होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू लावतेस का टीम?"

"रोज साडेसहाले त्यायचा फोन टुण्ण वाजते. टीम लावा, टीम लावा. घरात माणसं बसलेली. मले वाटलं, एकदा लावून टाकू म्हणजे चूप बसन. पण ते तर दुसऱ्या दिवशी परत वाजलं."

"बंद करता येतं ते."

"मले नाही कराचं बंद," ती म्हणाली.

चार वर्षं वांगी चिरता चिरता तिनं सगळं ऐकलं होतं. खेळाडूंची खरी नावं तिला ठाऊक नव्हती. ती चेहरे पाहून गुलछडी, झेंडू, गुलाब शोधून काढी. बाजाराचंही तिला कळत होतं. कोणतं फूल किती दिवस टिकतं हे मळ्यात भाऊजींपेक्षा तीच जास्त जाणत होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो संघ तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला. वर फक्त मी होतो. घरी बसायला येणाऱ्या बायका गेल्या की ती पाटीवर मुलं लिहितात तशा मोठ्या अक्षरात कागदावर संघ लिहून काढी, मग फोनवर लावी. मला तिनं मदत मागितली नाही. फक्त कोण जखमी आहे, कोण संघाबाहेर बसलं आहे, एवढं सांगायला किंवा विचारायला फोन करी. तिच्या आवाजात तेवढ्यापुरतं काहीतरी जागं होई.

आणि मी एक चूक केली. तेव्हा मला ती चूक वाटली नाही. मला वाटलं, भाऊजी एकदाही पहिले आले नाहीत, आता त्यांचं नाव यादीत पहिलं आलं तर काय बिघडलं? बांबू खांद्याच्या दुखापतीनं बाहेर बसल्याचं जाहीर झालं त्या दिवशी मी त्यालाच कप्तान ठेवला. शिवाय आणखी दोन न खेळणारे. मला जवळजवळ काहीच मिळालं नाही आणि ताई पुढे गेली. सामना सुरू झाल्यावर प्रत्येकाला प्रत्येकाचा संघ दिसतो. ते मी लक्षात घेतलं नव्हतं, किंवा ती बघणार नाही असं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ग्रंथालयाचं कुलूप काढत असताना तिचा फोन आला.

"काल बांबूले कप्तान काहून केलं?"

"विसरलो बदलायचं."

"तू विसरला? पुस्तक एक दिवस उशिरा आलं तर पोराच्या घरी फोन करतोस तू. बांबूचा खांदा दुखते हे तुले मीच सांगतलं होतं."

मी कुलपातून किल्ली काढली.

"तू मले दुखवटा देऊन राहिला का?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "साडी दिली ना तेरवीले? झालं ते. ते घेतलं मी, रिवाज हाये म्हणून. हे काहून देऊन राहिला?"

"ताई, भाऊजी एकदा तरी—"

"त्यायनं चार वर्षं तुह्याकडून हरून रोडगे भाजले. मुद्दाम हर असं कधी म्हटलं त्यायनं तुले? अन् आता तेच नाहीत तर तू कोणाले जिकवून राहिला? खेळून तर मी राहिली. घरात जो येते तो माह्याकडे असाच पाहते, बिचारी म्हणून. एक हाच ठिकाणा होता जिथं मले कोणी बिचारी म्हणत नव्हतं. तूच म्हटलं."

फोन बंद झाला. पहिली मुलं येऊन दाराशी उभी होती. मी कुलूप हातात घेऊन तसाच उभा होतो. माझं आयुष्य पुस्तकांत गेलं आहे. दुःखावर लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे. पण दुःखात असलेल्या माणसाला हरवणं हाही त्याचा मान असू शकतो, हे मला कुठे वाचल्याचं आठवलं नाही.

त्यानंतर मी जमेल तेवढं खरं खेळलो. बाकीच्या दोन गटांत लक्ष देणं सोडून दिलं. अंतर कमी होत होतं. अंतिम सामना निळ्यांचा आणि पिवळ्यांचा आला. माझा आवडता संघ आणि भाऊजींचा. मी कागद घेऊन बसलो. सगळी गणितं एकच सांगत होती: कप्तान गुलछडी हवा. म्हणजे मला माझ्याच निळ्यांविरुद्ध फटके बसावेत अशी इच्छा धरायची होती. इतक्या वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं. मी गुलछडीला कप्तान केलं. ताईनं झेंडूला केलं.

गुलछडी फार सुंदर खेळला. निळे हरले. एरवी मला दोन दिवस जेवण गेलं नसतं. मी फक्त यादी पाहिली. भाऊजींचं नाव पहिलं, माझं दुसरं. मध्ये नऊ पॉइंट.

त्या एका दिवशी मी सरळ संघ लावला असता तर नऊ पॉइंट सहज भरून निघाले असते. कदाचित. माझ्याकडे पाहून तिनंही मग वेगळे बदल केले असते. तेव्हा खरं कोण जिंकलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि हे माझ्यामुळे. मी ताईला फोन केला.

"रोडगे मी भाजतो," मी म्हणालो. "दुसरा आलो."

"तू दुसरा नाही आला," ती म्हणाली. "अन् मी पहिली नाही आली. तू निकालच नासवला. दोघं मिळून भाजू."

"घरात दुखवटा आहे अजून. लोक काय म्हणतील?"

"रोडगे काय सण हाये का? गोड थोडीच करून राहिलो."

रविवारी दुपारी अमरावतीहून बसनं निघालो. दोघं फुलवाले मित्र आधीच मळ्यात आले होते आणि मी ज्या खाटेवर बसायचो त्या खाटेवर बसले होते. ताईनं कणीक भिजवली होती. गोवऱ्या मी रचल्या. त्या दोनदा विझल्या.

"साहेब, फुंका. पुस्तकावरची धूळ फुंकून राहिले का?" खाटेवरून आवाज आला.

"हात भाजन त्यायचा," दुसरा म्हणाला. "भाऊचा हात चांगला होता."

मी फुंकत राहिलो. डोळ्यांत धूर गेला होता, ते बरंच झालं.

रोडगे काढले तेव्हा ताईनं भाजलेले वरून करपलेले आणि आत नीट शिजलेले होते. माझा पहिला तिनं फोडला. आत कच्ची कणीक होती. तिनं दोन्ही तुकडे परत राखेत सारले.

ते भाजायची वाट पाहत आम्ही बसून होतो. ऊन कलत होतं. तिनं कमरेला खोचलेला भाऊजींचा फोन काढून शेजारच्या दगडावर ठेवला होता. साडेसहा झाले. तिनं फोनकडे पाहिलं. फोन वाजला नाही. हंगाम संपला होता. ती थोडा वेळ पाहत राहिली, मग काडीनं राख उकरून माझा रोडगा उलटा केला.

"फुटबॉलची पण राहते म्हणे अशी टीम," ती म्हणाली.

"राहते. पण मले त्यातलं काही समजत नाही."

"मले तरी कुठं समजते," ती म्हणाली. "पण मुद्दाम हरला तर पाहा."